जुलाब, दोष आणि राहून गेलेला डोस

एका आजींचे पत्र आले आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, त्यामुळे नातवंडे दिवसभर आजींकडे असतात. मोठा नातू अकरा महिन्यांचा असताना त्याला आधी उलट्या, मग ताप आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी रात्री तो मलूल पडला, रुग्णालयात न्यावे लागले आणि तीन दिवस सलाइन चालले. ‘रोटा असावा,’ म्हणजे लहान मुलांना जुलाब लावणारा रोटाविषाणू असावा, असे तेथे सांगण्यात आले. दुधाची बाटली नीट उकळली गेली नसेल, अशी कुजबुज तेव्हा घरात झाली आणि ती आजींच्या मनाला लागून राहिली. आता धाकटी नात बारा आठवड्यांची आहे. सहाव्या आठवड्यात तिला सर्दी होती म्हणून रोटाच्या लसीचे थेंब ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून राहिले आणि ते अजून दिलेले नाहीत. मुलगा म्हणतो, मोठ्याला डोस देऊनही आजार झालाच, शिवाय या लसीने आतड्याला पीळ पडतो असे त्याने वाचले आहे. सून म्हणते, लसीपेक्षा स्वच्छता महत्त्वाची. तिने खोल्याखोल्यांत सॅनिटायझर ठेवले आहे. आजी विचारतात: मी मध्ये बोलावे, की घरात वाद नको म्हणून गप्प बसावे? आणि नातीलाही जुलाब झालेच, तर आमच्या काळाप्रमाणे दूध बंद करून पोटाला विश्रांती द्यावी का?

प्रिय आजी,

बाटलीचा उल्लेख तुमच्या पत्रात तीन वेळा आला आहे, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते. लहान मुलाला जुलाब झाले की कोणाच्या तरी हातून अस्वच्छता झाली असणार, असे आपण इतक्या सहज धरून चालतो की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतही नाही. पुष्कळ रोगांच्या बाबतीत ते खरेही आहे. पटकी आणि विषमज्वर हे रोग शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची नीट व्यवस्था आल्यावर मागे हटले. रोटाविषाणू मात्र तसा हटला नाही. लस येण्यापूर्वी जगातील जवळजवळ प्रत्येक मूल पाच वर्षांचे होईपर्यंत या संसर्गातून एकदा तरी जात असे, आणि घरोघरी शुद्ध पाणी पोहोचवणाऱ्या श्रीमंत देशांतील मुलेही त्याला अपवाद नव्हती. श्रीमंत आणि गरीब देशांतील फरक संसर्गात नव्हता, मृत्यूत होता. वेळेवर उपचार मिळाले ती मुले बहुतेक वाचली आणि ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांतली अनेक दगावली. २००० साली जगात पाच वर्षांखालील पाच लाखांहून अधिक मुले या आजाराने गेल्याचा अंदाज आहे. २०१३ पर्यंत हा आकडा सुमारे २ लाख १५ हजारांवर आला.

स्वच्छता इथे अपुरी का पडते, हे समजून घेतले तर तुमच्या मनावरचा भार काहीसा उतरेल. आजारी बाळाच्या एक ग्रॅम शौचात अब्जावधी विषाणू असतात आणि नव्या बाळाला आजारी पाडायला त्यांतले दहा ते शंभरही पुरतात. खेळणी, दाराच्या कड्या, पाळण्याचे कठडे यांवर ते कित्येक दिवस तग धरतात. लक्षणे दिसण्याआधीपासूनच बाळाच्या शौचातून ते बाहेर पडू लागतात आणि जुलाब थांबल्यावरही काही दिवस पडत राहतात. मोठ्या माणसांना हा संसर्ग होतो तेव्हा पुष्कळदा पोटात थोडे बिघडल्यासारखे वाटण्यापलीकडे काही जाणवत नाही, पण तीही तो पसरवू शकतात. त्या आठवड्यात तुमच्या घरी कोण कोण आले, नातवाला कोणी उचलून घेतले, त्याने कोणाचे खेळणे तोंडात घातले, याचा हिशेब आता लागणार नाही, आणि लागला तरी उपयोग नाही. बाटली नीट उकळली होती की नव्हती हे मला ठाऊक नाही. पण बाटली उकळल्याने हा आजार नक्की टळला असता, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही.

आता मुलाचे म्हणणे घेऊ. ‘डोस देऊनही झालाच’ हे वाक्य मी चिकित्सालयात इतक्यांदा ऐकले आहे, की त्यातली दोन गृहीतके आता ऐकताक्षणीच वेगळी दिसतात. पहिले असे की, तो आजार रोटाच होता. तुमच्या पत्रातला शब्द ‘असावा’ असा आहे. शौचाची तपासणी झाल्याचा उल्लेख पत्रात नाही, आणि त्यात नवल नाही, कारण जुलाब कशानेही झाले असले तरी उपचार जवळपास तेच असल्याने पुष्कळ ठिकाणी ही तपासणी केलीच जात नाही. नोरोविषाणू, काही अडेनोविषाणू आणि कित्येक जिवाणू अगदी अशीच लक्षणे निर्माण करतात आणि रोटाची लस त्यांतल्या कोणालाही अडवत नाही.

दुसरे गृहीतक अधिक महत्त्वाचे आहे. लस म्हणजे जुलाबांना बंद केलेले दार, अशी आपली समजूत असते, आणि मग एकदा जरी जुलाब झाले तरी लस फुकट गेली असे वाटते. प्रत्यक्षात या लसीचे काम निसर्गाच्या एका सवयीवर बेतलेले आहे. रोटाचा संसर्ग मुलाला पुन्हा पुन्हा होऊ शकतो, पण पहिला बहुधा सर्वांत जोरकस असतो आणि पुढचे उत्तरोत्तर सौम्य होत जातात. दुर्बल केलेला जिवंत विषाणू थेंबांतून देऊन लस ही पहिली गाठभेट आपल्या सोयीने, कमी धोक्याने घडवून आणते. त्यामुळे लस घेतलेल्या बाळाला पुढे रोटाचे जुलाब होऊ शकतात. सलाइन लावण्याची पाळी येण्याची शक्यता मात्र पुष्कळ कमी होते. ज्या देशांत बालमृत्यू कमी आहेत तेथे गंभीर आजारापासून मिळणारे संरक्षण ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास आढळते. जेथे बालमृत्यू जास्त आहेत तेथे ते निम्म्याच्या आसपास उतरते. हा दुसरा आकडा निराश करणारा वाटेल. पण जेथे आजारी मुलेच फार असतात, तेथे निम्म्यांचे रुग्णालय टळणे म्हणजे प्रत्यक्षात अधिक मुलांचे टळणे असते. तुमच्या नातवाला डोस मिळूनही तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले असेल, तर तो उरलेल्यांत मोडला. तेवढ्यावरून नातीचा निर्णय घेणे म्हणजे गाडीत पट्टा लावूनही एकाला लागले म्हणून दुसऱ्याने पट्टाच न लावण्यासारखे आहे.

आतड्याची भीती मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तिला आधार आहे. ‘पीळ’ हा शब्द तेवढा बरोबर नाही. दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकतो. डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात. रोटाची पहिली लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली आणि १९९९ मध्येच मागे घेण्यात आली, ती याच कारणाने: सुमारे दहा हजार बाळांमागे एकाला हा त्रास होतो असे दिसले. तुमच्या मुलाच्या वाचनात बहुधा हीच हकिगत आली असावी. त्यानंतरच्या दोन लसींच्या चाचण्या मुद्दाम प्रत्येकी ६० हजारांहून अधिक बाळांवर घेण्यात आल्या, त्याही हा धोका हुडकण्यासाठीच. आणि २००६ पासून त्या व्यापक वापरात आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सर्वच देशांना रोटाच्या लसीची शिफारस केली. व्यापक वापरानंतर आज जो धोका मानला जातो तो साधारण वीस हजार ते एक लाख बाळांमागे एक इतका आहे. तो बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या डोसानंतरच्या आठवड्यात दिसतो. लस न घेतलेल्या बाळांनाही हा विकार आपोआप होत असतो, हेही येथे सांगितले पाहिजे.

म्हणून डोसानंतरचे सात-आठ दिवस काय पाहायचे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. बाळ एकाएकी कळवळून रडते, गुडघे पोटाशी घेते, काही मिनिटांनी शांत होते आणि पुन्हा तसेच रडू लागते. वारंवार उलट्या होतात. शौचात रक्त किंवा लालसर शेंब दिसते. बाळ निपचित पडते. यांतले काहीही दिसले तर ‘वाताने पोट दुखत असेल’ म्हणत घरी थांबू नये, त्याच वेळी रुग्णालयात न्यावे आणि लस कधी दिली ते सांगावे. लवकर लक्षात आले तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून, गुदद्वारातून हवा किंवा द्रव सोडून आतडे पूर्ववत करता येते. ज्या बाळाला हा विकार आधी होऊन गेला आहे, ज्याला प्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर दोष आहे किंवा आधीच्या डोसाची तीव्र ॲलर्जी आली आहे, त्याला ही लस देत नाहीत. किरकोळ सर्दी या यादीत नाही. सहाव्या आठवड्यात डोस थांबवण्याचे कारण नव्हते, पण ते झाले ते झाले.

तुमच्या घरात मला सर्वांत काळजी वाटते ती ‘पुढच्या वेळी पाहू’ या शब्दांची. इतर बऱ्याच लसी उशिरा का होईना घेता येतात. रोटाच्या लसीला वयाची खिडकी आहे. इंटससेप्शन आपोआप होण्याचे प्रमाण साधारण चौथ्या महिन्यानंतर वाढू लागते, त्यामुळे पहिला डोस त्याआधीच पडावा असा विचार त्यामागे आहे. अनेक देशांत पहिला डोस बाळ पंधरा आठवड्यांचे होण्याच्या आत आणि शेवटचा आठव्या महिन्यापर्यंत, असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ही बंधने सैल केली, कारण जेथे बाळे लसीकरणाला उशिरा पोहोचतात तेथे कडक वयोमर्यादेने फायद्यापेक्षा तोटाच अधिक होत होता. त्यामुळे काही देश पहिला डोस नंतरही देतात. तुमच्याकडे कोणता नियम लागू आहे, हे नातीच्या डॉक्टरांनाच विचारायला हवे. पत्र लिहिताना ती बारा आठवड्यांची होती, आणि हे उत्तर तुम्ही वाचाल तेव्हा साडेतेराच्या पुढे गेली असेल. मुलाला वाटते की आपण अजून निर्णय घेतलेला नाही. पण आणखी काही दिवस असेच गेले तर तो आपोआप ‘नाही’ असा होऊन बसेल.

सूनबाईंच्या सॅनिटायझरविषयी थोडेच लिहिते. त्यांची धडपड चुकीची नाही. त्या धडपडीकडून अपेक्षा तेवढी जास्त आहे. लंगोट बदलल्यावर, शौचालयातून आल्यावर आणि बाळाला भरवण्यापूर्वी साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, नखांच्या कडांपर्यंत हात चोळून धुणे हे बाटलीतल्या जेलपेक्षा भरवशाचे. घरात कोणाला जुलाब लागलेले असतील तर ज्या जागी लंगोट बदलता ती जागा आधी पुसून घेऊन मग पातळ केलेल्या ब्लीचने, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे, पुसावी आणि खेळणी धुवावीत. आईचे दूध मिळत असेल तर ते चालू राहावे. त्याने काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि लसीच्या थेंबांच्या आधी किंवा नंतर पाजायलाही हरकत नसते. मोठा नातू बालवाडीत जातो, तो घरी येताच हात धुवून मगच बहिणीजवळ जाईल, एवढी सवय लावली तरी पुरे. लस दिल्यावर काही दिवस बाळाच्या शौचातून लसीचा दुर्बल विषाणूही बाहेर पडतो, म्हणून त्या दिवसांत लंगोट बदलल्यावर हात धुण्यात कसूर नको.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ज्याचे उत्तर मला सर्वांत सविस्तर द्यायचे आहे, कारण नातीला जुलाब झाले तर त्या वेळी घरात बहुधा तुम्हीच असाल. दूध बंद करू नका. पोटाला विश्रांती देण्याची कल्पना एका काळी डॉक्टरही सांगत, त्यामुळे तुम्ही तसे केले असेल तर ती तुमची चूक नव्हती. हा विषाणू लहान आतड्याच्या अस्तरावरच्या बोटांसारख्या सूक्ष्म अंकुरांची टोके खरवडून टाकतो, त्यामुळे अन्न आणि पाणी शोषले जात नाही. शिवाय त्याचे एक प्रथिन विषासारखे काम करून आतड्यातून पाणी बाहेर ओढते. (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू आऱ्या असलेल्या चाकासारखा दिसतो, म्हणून लॅटिनमधल्या चाकाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले, तो ‘रोटा’ आणि आपला संस्कृत ‘रथ’ एकाच मुळातून आले आहेत. मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तो आजारी मुलांच्या आतड्यात प्रथम पाहिला.) अस्तर खरवडले गेले तरी एक वाट बहुतांशी उघडी राहते: ग्लुकोज आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आले की आतडे ती जोडी आत घेते आणि त्यांच्यामागे पाणीही जाते. ओआरएसची सारी किमया एवढीच. १९७१ मध्ये निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हेच मिश्रण तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले होते.

मीठ-साखरेचे पाणी अंदाजाने करू नका. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. ओआरएसची पुडी घरात ठेवा आणि तिच्यावर जितके पाणी लिहिले असेल तितक्यातच ती पूर्ण विरघळवा. अर्धी पुडी अर्ध्या पेल्यात, असा हिशेब करू नका. तयार केलेले मिश्रण चोवीस तासांनंतर टाकून द्या. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पन्नास ते शंभर मिलिलिटर पाजावे, असे सांगितले जाते.

घोटाळा होतो तो उलट्यांपाशी. तहानलेले बाळ वाटीला तोंड लावते, घटाघट पिते आणि पाच मिनिटांत सगळे बाहेर काढते. मग घरातले म्हणतात, ‘पोटात काही टिकतच नाही’, आणि पाजणे थांबते. तेथेच खरे नुकसान होते. उलटी झाली की दहा मिनिटे थांबा. मग घड्याळ समोर ठेवून बसा आणि दर दोन मिनिटांनी एक लहान चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, द्या. बाळ रडून वाटी मागेल, तरी चमचाच. हे काम कंटाळवाणे आहे, हात अवघडतो, मधे फोन वाजतो. पण तासाभरात अशाने दीडशे मिलिलिटर पोटात जाते आणि त्यातले पुष्कळसे तेथेच राहते. बरोबरीने अंगावरचे दूध किंवा नेहमीचे दूध चालू ठेवावे, आणि बाळ मोठे असेल तर त्याचे रोजचे मऊ अन्नही. झिंक दहा ते चौदा दिवस द्यावे अशी शिफारस आहे: सहा महिन्यांखाली रोज दहा मिलिग्रॅम, त्यापुढे वीस; ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. प्रतिजैविकांचा विषाणूवर काही परिणाम होत नाही, आणि जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी लहान मुलाला कधीही देऊ नये.

बाळाच्या डोळ्यांकडे, तोंडाकडे आणि लंगोटाकडे लक्ष ठेवा. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनासे झाले, जीभ कोरडी पडली, टाळू खचली, सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली बसते आहे, किंवा बाळ इतके मलूल आहे की पीतही नाही, तर चमच्याचा हट्ट सोडून रुग्णालय गाठा. शौचात रक्त असेल, उलटी हिरवी असेल किंवा बाळ तीन महिन्यांखालचे असून त्याला ताप असेल, तर बाकीची लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नका.

राहता राहिला बोलण्याचा प्रश्न. बोला. मात्र ‘मी सांगते म्हणून लस द्या’ असे म्हणू नका, कारण मग विषय पुन्हा बाटलीवर जाईल. मुलाला एवढेच विचारा की डॉक्टरांशी बोलून ‘नको’ ठरले आहे, की ठरवायचे राहून गेले आहे. आतड्याविषयी त्याने जे वाचले ते त्याला डॉक्टरांसमोर स्वतः विचारू द्या. त्याची शंका खरी आहे आणि तिचे उत्तर आईकडून नव्हे, डॉक्टरांकडून मिळाले तर ते त्याला पटेल. सूनबाईंना सांगा की दिवसभर बाळ तुमच्याकडे असते, त्यामुळे डोसानंतर काय पाहायचे आणि जुलाब झाले तर किती पाजायचे हे तुम्हालाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचे आहे, म्हणून त्या दिवशी तुम्ही बरोबर येणार आहात. भेटीची वेळ याच आठवड्यातली घ्या, आणि ती घेतानाच वय आठवड्यांत सांगून पहिला डोस अजून देता येईल का, हे फोनवरच विचारा. जाताना नातीच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर मोठ्याचेही कार्ड न्या. त्याचे डोस खरोखर पूर्ण झाले होते का, हे आजवर कोणी उघडून पाहिल्याचे तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही.